पाव फेऱ्यात पाणी बंद!

जुन्नर आणि आंबेगाव हे पाण्याचे तालुके. कुकडी, मीना, घोड, आर, पुष्पावती अशा नद्या इथल्या डोंगरांतून वाहत येतात. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही जुन्नरमध्ये, तर डिंभे आंबेगावात. भूगोलाच्या तासाला ही नावं तुम्ही घोकली असतील. पण गंमत पाहा, धरण केवढंही मोठं असो, त्यातलं पाणी शेवटी बागेत किंवा घरात शिरतं ते एका वीतभर दांडीच्या हुकमाने!

कुठल्याही द्राक्षबागेच्या किंवा टोमॅटोच्या वावराच्या कोपऱ्यावर ही दांडी तुम्हाला दिसेल. लाल नाहीतर निळी. पाइपावर बसलेली. शेतकरी तिला ‘वॉल’ म्हणतात, कुणी ‘कॉक’ म्हणतात. पुस्तकातलं नाव बॉल व्हॉल्व्ह. आपण आपलं घरातलंच नाव घेऊया, वॉल.

एवढ्याशा दांडीवर अख्खा लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं उत्तर रात्रीच्या अंधारात आहे.

शेतीच्या पंपाला लागणारी तीन फेजची वीज पुष्कळ गावांत रात्रीच्या पाळीत येते. मग रात्री अकराला किंवा पहाटे दोनला शेतकऱ्याला उठावं लागतं. पंप चालू करायचा, एका तुकड्याला पाणी पुरेसं झालं की तो वॉल बंद करून दुसऱ्या तुकड्याचा उघडायचा. शेजारी उसाचा फड. आणि जुन्नर-आंबेगावात उसाचा फड म्हटला की काय आठवतं? बरोबर, बिबट्या! माणिकडोहला बिबट्यांसाठीचं निवारा केंद्र आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. अशा वेळी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, कान फडाकडे लागलेले. वाकून वॉल फिरवायला जितका कमी वेळ लागेल तितकं बरं.

जुन्या पद्धतीच्या वॉलवर गोल चाक असतं. ते चाक फिरवलं की आतली पाचर आट्यांवरून हळूहळू खाली सरकते. पूर्ण बंद व्हायला बरेच फेरे लागतात. अंधारात किती फेरे झाले ते मोजत बसायचं, आणि मध्येच फडात काही सळसळलं तर मोजणी चुकलीच! शिवाय चाकाकडे पाहून वॉल उघडा आहे की बंद, ते कळत नाही. बॉल व्हॉल्व्हला मात्र पाव फेरा पुरतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली तर पाणी चालू, पाइपाला आडवी असली तर बंद. बॅटरी नसली तरी नुसता हात लावून कळतं. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याला शेतकऱ्याची रात्र कळली होती की काय, असं मला वाटतं.

हे घडतं कसं? त्यासाठी एक बटाटा घ्या. आंबेगावच्या मुलांना बटाट्याची काय कमी! सातगाव पठारावरचा बटाटा तर प्रसिद्धच आहे. गोलसर बटाटा निवडा. जुन्या जाड पेनची रिकामी नळी घेऊन ती मधोमध आरपार घुसवा आणि फिरवत बाहेर काढा. बटाट्याला बोगदा पडेल. हे करताना घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या. आता वरच्या बाजूला, बोगद्याच्या बरोबर डोक्यावर, एक काडी उभी खोचा. तिच्या वरच्या टोकाला दुसरी काडी आडवी बांधा. ही आडवी काडी बोगद्याच्या दिशेनेच असली पाहिजे. झाली तुमची दांडी!

बोगदा खिडकीकडे धरून एका डोळ्याने बघा. उजेड दिसतो ना? आता दांडी धरून बटाटा काटकोनात फिरवा. उजेड गेला. समोर नुसती बटाट्याची भिंत. उजेडाच्या जागी पाणी आहे असं समजा, म्हणजे वॉल समजला. खऱ्या वॉलमध्ये बटाट्याच्या जागी पितळेचा, स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत गोळा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोल कड्या असतात. कारखान्यात त्यांना ‘सीट’ म्हणतात, म्हणजे गोळ्याचं आसन. वरून एक दांडा खाली येऊन गोळ्याच्या खाचेत बसतो. हा दांडा जिथून बाहेर येतो, तिथून पाणी झिरपू नये म्हणून त्याला रबराची बारीक कडी घालतात. तिला ‘ओ रिंग’ म्हणतात. बस, एवढाच संसार.

यात एक युक्ती आहे. गोळा खाचेत अगदी घट्ट बसवलेला नसतो, किंचित सैल असतो. वॉल बंद केला की पाण्याचा दाब गोळ्याला पुढे ढकलतो आणि तो पुढच्या आसनावर दाबून बसतो. पाणी जितकं जोरात ढकलेल, तितका वॉल जास्त घट्ट बंद! पाण्याची ताकद पाण्यालाच अडवायला वापरली.

पाणी साठवायची विद्या आपल्याकडे फार जुनी. जुन्नरच्या लेण्यांमध्ये दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या लेखांमध्ये त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. तिथल्या एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी तर तुम्ही सहलीला गेल्यावर पाहिलीच असतील. पण टाक्यातून पाणी घ्यायचं ते भांडं बुडवून. तिथे वॉलची गरजच नव्हती. गरज पडते ती पाइप आला की. रोमन लोकांनी शिशाच्या नळ्यांतून शहरात पाणी खेळवलं, तेव्हा त्यांना तोट्या कराव्या लागल्या. उत्खननात काशाच्या तशा तोट्या सापडल्या आहेत. त्यांत निमुळत्या खुंटीला आरपार भोक पाडलेलं असे. म्हणजे आपल्या बटाट्याची पणजीच म्हणा!

मग गोळ्याचा वॉल घरोघरी यायला इतकी शतकं का लागली? अडचण होती आसनाची. धातूच्या गोळ्यावर धातूचं आसन घट्ट बसत नाही, पाणी झिरपत राहतं. रबर लावावं तर गोळा फिरताना ते चिकटतं, घासतं, फाटतं. मऊ पण निसरडं, न सडणारं, न चिकटणारं असं काहीतरी हवं होतं. ते सापडलं चुकून. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट हा रसायनशास्त्रज्ञ एका वायूवर काम करत होता. नळकांड्याची तोटी उघडली तर वायू बाहेर येईना. वजन केलं तर नळकांडं भरलेलं! शेवटी ते कापून पाहिलं, तर आत पांढरी, निसरडी पूड. तेच टेफ्लॉन. आईच्या नॉन-स्टिक तव्यावर असतं ते. पुढे १९५० च्या दशकात हॉवर्ड फ्रीमन या अमेरिकन इंजिनिअरने टेफ्लॉनची आसनं वापरून न झिरपणारा बॉल व्हॉल्व्ह तयार केला, आणि मग या वॉलचा प्रसार झपाट्याने झाला. तुमच्या घरी नळ बसवताना प्लंबरकाका आट्यांवर जी पांढरी पातळ पट्टी गुंडाळतात, तीही टेफ्लॉनचीच.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. वॉल चालतो छान. पण तो बसवायचा कसा? आणि बिघडला तर?

गावची नळपाणी योजना डोळ्यासमोर आणा. टेकाडावर टाकी. तिथून मोठा पाइप खाली येतो आणि त्याला आळीआळीकडे, वाड्यावस्त्यांकडे फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर विटांचा छोटा चौकोनी खड्डा, त्याला म्हणतात चेंबर, आणि चेंबरमध्ये वॉल. पाणी सोडणारे तात्या सकाळी एकेक वॉल उघडत जातात, तेव्हा एकेका आळीला पाणी येतं. शेवटची वस्ती नेहमी शेवटी. मध्येच एखादा वॉल गळत असेल, तर त्या वस्तीपर्यंत धार पोचते ती करंगळीएवढी.

गळती म्हणजे किती? पाटी-पेन्सिल घ्या. समजा चेंबरमधल्या गळतीने एका मिनिटात पाच लिटरचा डबा भरतो. लाइन दिवसातून दोनच तास चालू असते असं धरू. १२० मिनिटं गुणिले ५, म्हणजे ६०० लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं माप ठरवलं आहे. ६०० ला ५५ ने भागा. जवळजवळ ११ माणसांचं पाणी त्या खड्ड्यात मुरलं! दोन घरं म्हणा ना. आणि ती घरं चेंबरजवळची नसतात, ती असतात लाइनच्या टोकाची. तिथल्या आईला आणि ताईला मग हंडा घेऊन विहिरीवर जावं लागतं.

तर तात्या वॉल बदलायला बसतात. साधा वॉल एकसंध असतो. तो उघडत नाही, आणि पाइपाला कायमचा चिकटवलेला असतो. पीव्हीसी पाइप चिकटवायच्या द्रवाला प्लंबर ‘सोल्युशन’ म्हणतात. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, त्यामुळे जोड पुन्हा सुटायचा प्रश्नच नाही. म्हणून आधी टाकीचं पाणी बंद. मग लाइन रिकामी होईपर्यंत थांबा. चेंबरमधलं पाणी बादलीने उपसा. पाइप दोन्हीकडून करवतीने कापा. ओल्या पाइपाला सोल्युशन धरत नाही, म्हणून तो पुसून कोरडा करा. नवा वॉल, दोन सॉकेट, पाइपाचे दोन तुकडे, चार-पाच जोड. मग ते वाळेपर्यंत थांबा. तोवर सगळ्या गावाचे नळ कोरडे. आणि दर वेळी पाइप थोडा थोडा कापला जातो. एक-दोनदा असं झालं की चेंबरमध्ये कापायला सरळ पाइपच उरत नाही. मग भिंत फोडा!

एवढं सगळं कशासाठी? पुष्कळदा आतली एक रबरी कडी झिजलेली असते म्हणून. चपलेचा अंगठा तुटला तर आपण नवा पाय लावून घेतो का?

वॉलची रचना करणाऱ्या इंजिनिअरांनी यावर जो उपाय काढला, तो फार सुटसुटीत आहे. त्याला ‘युनियन’ म्हणतात. वॉलच्या दोन्ही टोकांना दोन मोठ्या नटा. पाइपाला चिकटवायचे ते फक्त टोकाचे दोन छोटे तुकडे. मधलं मुख्य अंग या दोन तुकड्यांमध्ये नुसतं बसतं, आणि नटा आवळल्या की घट्ट होतं. बिघाड झाला की दोन्ही नटा सैल करायच्या आणि मधलं अंग, दप्तरातून डबा काढावा तसं, वर उचलून घ्यायचं. पाइप जागचा हलत नाही, करवत नको, सोल्युशन नको. गोळा पुसा, कडी बदला, परत बसवा, नटा आवळा. धातूच्या वॉलमध्ये हेच काम बोल्टांनी साधतात. तिथे अंगाचे तीन भाग असतात, आणि बोल्ट सैल केले की मधला भाग बाहेर निघतो.

आणि आतलं आसन सोडवायचं हत्यार? काही वॉलमध्ये ते दांडीतच असतं! दांडी ओढून काढायची, उलटी करायची, तिच्या खालच्या बाजूला दोन दात असतात. ते दात आसनाच्या खाचेत बसवून फिरवलं की आसन सुटतं. पाना घरी राहिला, शेजाऱ्याने नेला, विहिरीत पडला, असली कुठलीच सबब चालत नाही. मला तर या वॉलमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. ज्याने ती केली, त्याने चिखलात बसून कधीतरी पाना शोधला असणार.

मात्र बसवताना एक फजिती हमखास होते, ती ऐकून ठेवा. नट आधी पाइपात ओवायची, मग टोकाचा तुकडा चिकटवायचा. घाईत तुकडा आधी चिकटवला, तर नट हातातच राहते! मग ती घालणार कुठून? पुन्हा कापाकापी. साडी नेसल्यावर परकर आठवावा, तसली ही गत. चिकटवताना मधलं अंग बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे सोल्युशनचा ओघळ गोळ्यापर्यंत जात नाही. साध्या वॉलला ही सोय नाही. तिथे ओघळ आत गेला की गोळा आसनाला चिकटतो, आणि नवा कोरा वॉल पहिल्याच दिवशी मुका होतो. प्लॅस्टिकच्या नटा हातानेच आवळायच्या. जोर दाखवायला मोठा पाइप पाना लावला की तडा गेलाच म्हणून समजा.

पालकांसाठी, विशेषतः ग्रामपंचायतीत बसणाऱ्या पालकांसाठी, इथे दोन शब्द. युनियनचा वॉल महाग पडतो, हे खरं. शेतात ठिबकच्या नळीच्या टोकाला, जिथे बदलायला मोकळी जागा आहे आणि पाणी थांबलं तरी कुणाचं अडत नाही, तिथे साधा वॉल पुरे. पण गावाच्या मुख्य फाट्यावर तो स्वस्त वॉल मला पटत नाही. तिथे किंमत नुसत्या वॉलची मोजून चालत नाही. करवत, सॉकेट, अर्ध्या दिवसाची मजुरी आणि गावाचं बुडालेलं पाणी, सगळं मोजावं लागतं. आणखी एक. एका कंपनीचं मधलं अंग दुसऱ्या कंपनीच्या टोकांत सहसा बसत नाही. म्हणून गावात सगळीकडे एकाच बनावटीचे वॉल घ्यावेत आणि एक जादा अंग, चार कड्या पंचायतीच्या कपाटात ठेवाव्यात. नाहीतर युनियन असूनही पुन्हा करवत आलीच.

चौथीच्या वर्गाला मी एकदा याच चेंबरवर एक गणित घातलं होतं. तुम्हीही सोडवा. चेंबर आतून ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद. पाइप लांबीच्या दिशेने, बरोबर मधून जातो. वॉल अगदी मध्यावर. दांडी २० सेंटिमीटर लांब, एकाच बाजूला. वॉल उघडेल का? बंद होईल का?

कागदावर काढा. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तेव्हा पुढे ३० सेंटिमीटर जागा आहे, म्हणजे वॉल उघडा राहू शकतो. पण बंद करायला दांडी आडवी करावी, तर भिंत फक्त १५ सेंटिमीटरवर! दांडी भिंतीला टेकते आणि गोळा अर्धवट फिरून थांबतो. वॉल बंदच होत नाही. वर्गातल्या मुलांनी यावर उपाय सुचवले. एक म्हणाला, पाइप एका भिंतीकडे सरकवू आणि दांडी दुसरीकडे वळवू. भिंतीपासून वॉलचं अंग सुटेल एवढी जागा ठेवली, तर हे जमतं. एकीने दांडी कापून १२ सेंटिमीटरची केली. तेही जमतं, पण मग फिरवायला जोर जास्त लागतो. दरवाजा बिजागरीजवळ ढकलून पाहा, म्हणजे कारण कळेल. तिसरीने दांडी दोन्ही बाजूंना सारखी काढली, फुलपाखराच्या पंखांसारखी, प्रत्येक पंख १० सेंटिमीटरचा. बाजारात प्लॅस्टिकच्या वॉलना असलीच दुपंखी दांडी असते, हे तिला माहीत नव्हतं. एकाने दांड्याला उंच सळई जोडून मूठ चेंबरच्या वर आणली. तात्यांना वाकायला नको म्हणून! खोल चेंबरमध्ये खरोखरच अशी उंच चावी वापरतात.

वॉल टिकवायची एक सोपी रीत आहे, आणि ती फारच थोडे लोक पाळतात. महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तुमच्या चुलीवरच्या पातेल्यात जसा पांढरा थर जमतो, तसाच तो गोळ्यावर जमतो. वर्षभर वॉल एकाच जागी राहिला की थर दगडासारखा होतो. मग कुणीतरी दांडीला लोखंडी पाइप अडकवून जोर लावतो आणि मोडतं काय? गोळा नाही, दांडा. अधूनमधून फिरवलं की तो थर कोवळा असतानाच खरवडला जातो.

तसंच, बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवू नये. अर्ध्या उघड्या फटीतून पाणी जोरात घुसतं. त्यात वाळूचे कण असले की ते आसनाला कानसेसारखे घासतात. हा वॉल चालू आणि बंद यासाठी आहे, मंद आणि जलद यासाठी नाही. ठिबकमध्ये तर आधी गाळणी हवीच. आणि प्लॅस्टिकचा वॉल उघड्या उन्हात राहिला की हळूहळू फिका पडतो, ठिसूळ होतो. वर जुनं गोणपाट टाकलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता या पाव फेऱ्याची दुसरी बाजू. जी गोष्ट सोपी, तीच इथे धोक्याची!

नारायणगावला एसटीत उभे राहिला आहात? ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की काय होतं? सगळे पुढे. पाइपातल्या पाण्याचंही तेच होतं. हिशेब करू. पाइपाचा आतला व्यास ८ सेंटिमीटर, लांबी १ किलोमीटर. त्यात पाणी मावतं जवळजवळ ५००० लिटर, म्हणजे वजन ५ टन. हा पाच टनांचा पाण्याचा टेंपो सेकंदाला एक मीटर वेगाने चालला आहे, आणि तुम्ही फाटकन दांडी आडवी केलीत. पाणी थांबणार कुठे? ते पाइपाला धडक देतं. पाइप थडथडतो, ‘ठक्’ असा आवाज येतो. शेतकरी म्हणतात, पाइपाने दणका दिला.

हा दणका किती जोराचा असतो, ते निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून शोधलं. ते साल होतं १८९७-९८. त्याच्या रीतीने गणित केलं, तर एवढ्या वेगाचं पाणी एकदम थांबवल्यावर पीव्हीसी पाइपात दाब साधारण ४ किलोने वाढतो. लोखंडी पाइपात तर १२ किलोच्या आसपास, कारण लोखंड ताणलं जात नाही आणि प्लॅस्टिक थोडं ताणलं जातं. आता दुकानात पाइप घेताना बाबा काय म्हणतात ते आठवा. ‘चार किलोचा द्या, सहा किलोचा द्या.’ ते किलो म्हणजे पाइपाचं वजन नव्हे बरं का! तो पाइप दर चौरस सेंटिमीटरला किती दाब सोसेल, त्याचा तो आकडा. चार किलोच्या पाइपात आधीच दोन किलोचा दाब असला आणि वर चारचा दणका बसला, तर झाले सहा. पाइप जोडात उसवला नाही तरच नवल.

‘एकदम’ म्हणजे किती वेळ, तेही सांगतो. दाबाची लाट पीव्हीसी पाइपातून सेकंदाला सुमारे ४०० मीटर पळते. एक किलोमीटर जाऊन परत यायला तिला ५ सेकंद लागतात. डोंगराला हाक मारल्यावर प्रतिध्वनी यायला वेळ लागतो ना, तसंच. ती लाट परत यायच्या आत वॉल बंद झाला, तर पूर्ण दणका बसतो. म्हणून लांब लाइनचा वॉल सावकाश बंद करायचा. मी तर म्हणेन, मनात तीस अंक मोजत. ठिबकवाल्या शेतकऱ्यांचा आणखी एक नियम आहे. पंप चालू असताना आधी पुढच्या तुकड्याचा वॉल उघडायचा, मगच मागचा बंद करायचा. पाण्याला जायला वाट राहिली की दणका बसत नाही. मात्र फडात सळसळ झाली की हा नियम पाळणं किती अवघड जात असेल, याची कल्पना करा.

एक सूचना. चेंबरचं झाकण उघडून गंमत म्हणून दांडी फिरवू नका. तुमच्या एका झटक्याने वरच्या आळीतला पाइप फुटू शकतो. याच कारणाने काही गावांत तात्या दांडी काढून खिशात घालूनच घरी जातात.

वर्गात हे सगळं सांगून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, मग दांडीला दातेरी चाकं लावायची. आपण खूप फिरवायचं, गोळा थोडाच फिरेल. म्हणजे कुणाला घाईने बंदच करता येणार नाही!’ मोठ्या व्यासाच्या वॉलना अगदी असाच गिअर बसवतात, आणि तो फिरवायला वर एक गोल चाक असतं. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे चाकच परत आलं की!’